परत लिहिणे

माझ्या मावशीला गेल्या वर्षी एका सरकारी कचेरीतून पत्र आलं. मजकूर एका ओळीचा: ‘आपला संदर्भीय अर्ज निकाली काढण्यात आला आहे.’ मावशीनं ते चारदा वाचलं, मग माझ्या हातात दिलं आणि विचारलं, “म्हंजे झालं का न्हाई रं माझं काम?”

कोल्हापुरात जन्म काढलेल्या बाईला हा प्रश्न पडणारच. आपल्याकडे निकाली म्हटलं की खासबागचं कुस्तीचं मैदान डोळ्यांपुढे येतं. निकाली कुस्ती म्हणजे कुणाची तरी पाठ मातीला लागणार, आणि कुणाची लागली ते शेवटच्या पायरीवर बसलेल्या पोरालाही दिसणार. कचेरीतला निकाल असा, की कुस्ती सुटली, हलगी थांबली आणि कोण चितपट झालं ते खुद्द पैलवानालाच कळलं नाही.

या पत्रावरून मला एक परका शब्द आठवत राहिला: रिस्क्रिप्ट. मूळ लॅटिन. त्यातल्या ‘स्क्रीबेरे’चा अर्थ लिहिणे. त्याच्या आधी लागलेल्या ‘रे’साठी मराठी माणसाला कोश उघडायची गरज नाही, कारण आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ आहे, ‘परत’. ‘उसने पैसे परत दे’ यातलं परत वेगळं आणि ‘ती ओळ परत म्हण’ यातलं वेगळं. ते ‘रे’ही असंच दुतोंडी. म्हणून रिस्क्रिप्टचे अर्थ दोन. एक, अर्जदाराला राजानं उलट लिहिलेलं लेखी उत्तर, ज्याला पुढे हुकमाची ताकद आली. दुसरा, एकदा लिहिलेलं पुन्हा लिहिणं.

दोन्ही मिळून मराठीत नेमके दोन शब्द होतात: परत लिहिणे. माझी तक्रार अशी, की आपल्या सरकारी कागदानं यातला पहिला अर्थ टाकून दिला आहे आणि दुसऱ्याचा मात्र सुकाळ केला आहे. सरकार लोकांना परत लिहीत नाही, स्वतःचंच परत परत लिहीत बसतं.

रोमन सम्राटांकडे अर्ज यायचे. सैनिकांचे, विधवांचे, जमिनीच्या बांधावरून भांडणाऱ्यांचे, क्वचित गुलामांचेसुद्धा. उत्तर बऱ्याचदा अर्जाच्याच तळाशी लिहिलं जायचं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण हा तर आपला शेरा! कोल्हापुरातला कुठलाही शिरस्तेदार हे काम डोळे मिटून करेल. फरक पुढे आहे. तिथले हे शेरे चव्हाट्यावर लावले जात, लोक त्यांच्या नकला उतरून घेत आणि तिसऱ्या शतकाच्या अखेरीस ते एकत्र करून त्यांचे संग्रह झाले. पुढे जस्टिनियन बादशहाच्या कायदेसंहितेत त्यातले कितीतरी गेले. म्हणजे ज्या रोमन कायद्याचं एवढं कौतुक होतं, त्याचा मोठा भाग साध्या माणसांच्या अर्जांना दिलेली उत्तरं आहे. हेड्रियन बादशहाची एक गोष्ट इतिहासकार कॅसियस डियो सांगतो. वाटेत एका बाईनं त्याला गाठून गाऱ्हाणं मांडलं. ‘मला वेळ नाही,’ तो म्हणाला. ‘मग राजा होऊ नकोस,’ बाई ओरडली. तो मागे वळला आणि त्यानं ऐकून घेतलं.

शब्दांचीही अधोगती होते. जपानी सम्राटाच्या फर्मानांना इंग्रजीत रिस्क्रिप्टच म्हणतात, पण ती कुणाच्या अर्जाचं उत्तर नव्हती. १८९० चं शिक्षणविषयक फर्मान शाळाशाळांतून पोरांना उभं करून वाचून दाखवलं जायचं. ते रद्द व्हायला १९४८ साल उजाडलं. १५ ऑगस्ट १९४५ ला रेडिओवर सम्राटाचं युद्ध संपवणारं फर्मान लागलं. त्यात शरणागती हा शब्द नव्हता आणि भाषा इतकी दरबारी होती, की आपण हरलो का जिंकलो हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना नंतर समजावून सांगावं लागलं. माझ्या मावशीचंच जरा मोठ्या प्रमाणावर.

आता आपल्या घरात येऊ. फर्मान फारसी, हुकूम अरबी, सनद अरबी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो हे परके शब्द बाजूला सारून संस्कृत प्रतिशब्द रूढ व्हावेत म्हणून. तरी पेशवाई बुडेपर्यंत सनदा सनदाच राहिल्या आणि आजही वकिलाला सनद मिळते. माझं त्याला काही म्हणणं नाही. कागदाचं नाव कुठून आलं यापेक्षा तो कागद कुणाशी बोलतो ते मला महत्त्वाचं वाटतं. आणि या बाबतीत मराठी दप्तर कमालीचं श्रीमंत होतं. अभय द्यायचं तर कौल. तंबी द्यायची तर ताकीदपत्र. भांडण तोडायचं तर निवाडपत्र, दहा जणांच्या साक्षीनं ठरवायचं तर महजर. नावावरूनच कळायचं, की या कागदात आपल्यासाठी काय वाढून ठेवलं आहे. आज सगळ्यांचं मिळून एकच नाव झालंय, जीआर, म्हणजे शासन निर्णय.

मोडी शिकायला लागलो तेव्हा सुरुवातीला मला इनामपत्रांचा कंटाळा यायचा. तीच ती लांबण. मग एके दिवशी शेवटाकडचं एक ठरीव वाक्य लागलं आणि मी थबकलो. जुन्या इनामाच्या आणि वतनाच्या कागदांत ते वारंवार येतं. त्याचा आशय असा: दरसाल नव्या पत्राचा उजूर करू नये, या पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घेऊन असल पत्र याला भोगवट्यासाठी परतून द्यावं. दोन ओळींत केवढं मोठं प्रशासन आहे बघा! एकदा दिलेला कागद पुन्हा पुन्हा मागायचा नाही. नक्कल कचेरीनं ठेवायची, अस्सल माणसाकडे राहायचं. आज नेमकं उलट चालतं. अस्सल आणा, साक्षांकित आणा, आणि हा दाखला जुना झाला, यंदाचा आणा. हयातीचा दाखला दरवर्षी मागतात ते एक वेळ मी समजू शकतो, ती गोष्ट खरोखर बदलू शकते. पण जन्मगाव कसं बदलतं?

त्याच दप्तराची आणखी एक खोड. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर माथ्याला मुद्रा असते ती सगळ्यांना पाठ आहे. पायाशी असते ती फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही: ‘मर्यादेयं विराजते’. इथे मजकुराची हद्द संपली, यापुढे कुणी काही घुसडायचं नाही. पुन्हा लिहिण्याच्या मोहावर मारलेलाच तो शिक्का.

कोल्हापूरकरांनी तर या विषयावर गप्प बसूच नये, कारण आदेश कसा लिहावा याचे दोन धडे याच मातीत आहेत.

पहिला आज्ञापत्राचा. १७१५ च्या सुमारास, करवीरच्या संभाजीराजांच्या नावानं, रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेला. त्यातला झाडांचा भाग शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतो. आरमाराला लाकूड लागतं, आंबा आणि फणस त्या कामाचे आहेत, पण त्यांना हात लावू नये असा हुकूम. हुकूम तिथेच संपला असता तरी चाललं असतं, राजाच तो. पण आज्ञापत्र पुढे कारण सांगतं. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी दीर्घकाळ जतन करून वाढवलेली असतात, ती तोडली तर त्या दुःखाला पार उरत नाही. आणि अगदी जीर्ण झालेलं झाड लागलंच, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याचा संतोष करून तोडावं. ज्याच्या हातात तलवार आहे तो कारण देतोय. आज एका सहीचा अधिकार असलेल्याला कारण द्यायचं जिवावर येतं.

दुसरा धडा २६ जुलै १९०२ चा. शाहू महाराज तेव्हा विलायतेत होते आणि इथे करवीर सरकारच्या गॅझेटात आदेश निघाला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या, म्हणजे ५० टक्के, मागासलेल्या वर्गांतल्या लोकांना द्याव्यात. दर २६ जुलैला आपण त्याचे गोडवे गातो, फलक लावतो. तो वाचतो किती जण? तो वाचण्यासारखा आहे, आणि मुख्य म्हणजे वाचता येण्यासारखा आहे. पानभरसुद्धा होत नाही. आधी कारण: शिक्षणाला उत्तेजन देऊनही मागासलेल्या वर्गांची स्थिती हवी तशी सुधारली नाही. मग हुकूम: आदेश पोचल्या तारखेपासून अमुक करा. ज्या कचेऱ्यांत या वर्गांचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातलीच. मग हिशेब: खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला पाठवावा. आणि शेवटी टीप: मागासलेले म्हणजे कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून सगळे. कारण, हुकूम, हिशेब, व्याख्या. पळवाट काढायला फटच ठेवलेली नाही. कुणी म्हणेल, तो कुणाच्या अर्जाचं उत्तर नव्हता. कागदावर नव्हताच. पण ज्यांना अर्ज लिहिताही येऊ नये अशी व्यवस्था शेकडो वर्षं करून ठेवली होती, त्यांच्या न लिहिलेल्या अर्जावरचा तो शेरा होता असं मला वाटतं.

आता आपला जीआर उघडा. सुरुवातीला मोठ्या अक्षरात एक शब्द: ‘वाचा’. त्याखाली जुन्या निर्णयांची, परिपत्रकांची यादी, क्रमांक आणि तारखांसह. मराठीत वाचणे म्हणजे पुस्तक वाचणे आणि जिवानिशी वाचणेही. ही यादी पाहिल्यावर दुसरा अर्थच आधी सुचतो. अकरावा कागद समजायला आधीचे दहा मिळवायचे. त्यातल्या तिसऱ्यातला परिच्छेद पाचव्यानं ‘अधिक्रमित’ केलेला, सातव्यानं पुन्हा आणलेला आणि नवव्यात ‘या ऐवजी असे वाचावे’. आज नियम काय आहे, तो सलग, एका कागदावर, कुठे आहे? बहुतेक वेळा त्या टेबलावरच्या लिपिकाच्या डोक्यात. तो बदलून गेला की नियमही त्याच्याबरोबर बदलीवर जातो.

यातलं सगळ्यात फसवं हत्यार म्हणजे शुद्धिपत्रक. नावावरून वाटतं, ऱ्हस्वदीर्घ सुधारलं असेल, तारीख चुकली असेल. २०२५ साली काय झालं ते आठवा. १६ एप्रिलच्या शासन निर्णयानं मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. गदारोळ झाला. १७ जूनला शुद्धिपत्रक निघालं. ‘अनिवार्य’ गेलं आणि त्या जागी आलं ‘सर्वसाधारणपणे’. दुसरी एखादी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी तिच्या बाजूनं हवेत, अशी अटही आली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

हिंदी पहिलीपासून असावी की नसावी, हा आजचा विषय नाही (माझं उत्तर नसावी असंच आहे, पण ते राहू द्या). प्रश्न त्या ‘शुद्धी’चा आहे. ‘अनिवार्य’ ही काय लेखनातली चूक होती? टंकलेखक चुकला होता? ते धोरण होतं. धोरण बदललं असेल तर तसं सांगावं: आम्ही असं ठरवलं होतं, लोकांनी अशी हरकत घेतली, म्हणून आता असं ठरवतो. त्यात कमीपणा नाही. ते खऱ्या अर्थानं परत लिहिणं झालं असतं, हरकत घेणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना दिलेलं लेखी उत्तर. त्याऐवजी एक शब्द काढून दुसरा बसवला आणि वर शुद्धीचं गोमूत्र शिंपडलं. लोक चिडले ते या चलाखीवरही चिडले. ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द काय करतो हे मराठी माणसाला चांगलं कळतं. सर्वसाधारणपणे आमच्या गल्लीत रोज पाणी येतं.

आणि सामान्य माणसाच्या फॉर्मवर काय छापलेलं असतं? ‘खाडाखोड केलेला अर्ज बाद समजण्यात येईल.’

यावर उत्तर येतं, की राज्य चालवायचं म्हणजे बदल करावेच लागतात. महाराजांचं एकाच्या मर्जीनं चालायचं. आज खाती किती, न्यायालयं किती, दबाव किती. बरोबर आहे. दरबारी हुकमाचं मी भाबडं कौतुक करत नाही. त्याला आव्हान देता येत नव्हतं, आणि शाहू महाराजांसारखा राजा प्रत्येक पिढीला मिळत नाही. सरकारनं माघार घ्यावी, शंभरदा घ्यावी. मी पुन्हा लिहिण्याविरुद्ध नाही. पुन्हा कसं लिहावं याची उत्तम पद्धत त्याच सरकारच्या सगळ्यात खालच्या कचेरीत शंभराहून जास्त वर्षं वापरात आहे, ती मंत्रालयानं उचलावी एवढंच माझं म्हणणं आहे.

ती पद्धत म्हणजे फेरफार. सातबारावरचं नाव बदलायचं झालं तर तलाठी उठून जुनं नाव खोडत नाही. (तलाठ्याचं आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, तेही एका शासन निर्णयानं. गावात अजून कुणी म्हणत नाही. कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं मोडून पगारी तलाठी आले, तो शब्द असा एका कागदानं जाणार नाही.) आधी गाव नमुना सहामध्ये नोंद होते, तिला क्रमांक पडतो. नोंदीची प्रत चावडीवर लागते, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते. हरकतीला १५ दिवस. हरकत आली तर ती वेगळ्या वहीत चढते, सुनावणी होते, मंडळ अधिकारी कारण लिहून नोंद मंजूर किंवा नामंजूर करतो. मग सातबारावर नवं नाव चढतं आणि जुन्याला कंस होतो. पुसलं जात नाही, कंसात राहतं, शेजारी फेरफाराचा नंबर. चाळीस वर्षांनी नातू उठला तरी तो नंबर धरून आजोबापर्यंत पोचतो. या सगळ्यात किती पैसे खाल्ले जातात आणि किती नोंदी अडवून ठेवल्या जातात ते मला सांगू नका, करवीर तालुक्यात राहतो मी. पण पद्धत म्हणून बघा. बदल दिसतो, बदलाचं कारण दिसतं, बदलाआधी हरकत घेता येते, आणि आजची स्थिती एकाच उताऱ्यावर सलग मिळते.

दोन गुंठ्यांसाठी एवढं करणारं राज्य लाखो पोरांच्या अभ्यासक्रमासाठी का करू शकत नाही? शासन निर्णयाचा सातबारा निघायला काय हरकत आहे? प्रत्येक योजनेचा, प्रत्येक नियमाचा आजच्या तारखेचा सलग मजकूर, बदललेला भाग कंसात, पुढे क्रमांक. शुद्धिपत्रक हा शब्द फक्त छपाईच्या चुकांसाठी राखून ठेवावा, आणि अर्थ बदलणाऱ्या प्रत्येक कागदावर ‘का’ या प्रश्नाचं उत्तर असावं. यासाठी नवा कायदाही लागत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं चौथं कलम सांगतं, की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना स्वतःहून द्यावीत. त्या कायद्याखाली अर्ज करणारे रग्गड आहेत. हे कलम कुणी आठवणीनं पाळल्याचं मात्र क्वचितच दिसतं.

लोकांना परत लिहिलं की काय होतं, तेही या शहरानं नुकतंच अनुभवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चाळीसहून अधिक वर्षं निवेदनं दिली, मोर्चे काढले, काम बंद ठेवलं. १ ऑगस्ट २०२५ ला मुख्य न्यायमूर्तींची अधिसूचना निघाली: राज्य पुनर्रचना अधिनियम १९५६, कलम ५१, पोटकलम ३, १८ ऑगस्टपासून कोल्हापूर हेही उच्च न्यायालयाच्या बैठकीचं ठिकाण. मजकूर काही ओळींचा. त्यात अलंकार नाही, ‘सर्वसाधारणपणे’ नाही. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सहा जिल्ह्यांचं काम सुरू झालं. त्या दिवशी भाऊसिंगजी रोडवर साखर वाटणाऱ्या एका म्हाताऱ्या वकिलानं मला मोबाइलवर ती अधिसूचना दाखवली होती आणि बोटानं ओळ न् ओळ वाचून दाखवली होती. वाचून दाखवावीशी वाटली, आणि वाचून कळली.

मावशीनं दुसरा अर्ज केलाय. मी लिहून देतो म्हटलं तर नको म्हणाली, तुझं मराठी लई सरकारी हाय. स्वतःच लिहिला, ओळींच्या कागदावर. ‘माझा अर्ज निकाली काढला असे कळवले. तो माझ्या बाजूने निकाली काढला का माझ्या विरुद्ध, आणि विरुद्ध असल्यास का, ते कळवावे.’ खाली सही. सहीच्या खाली चार बोटं जागा मोकळी सोडली आहे. “तेवढ्यात मावंल का त्यांचं?” मला विचारत होती.